कितव्या फुटाला?

पावसाळ्यात कोल्हापुरातल्या माणसाला फोन केला, की ख्यालीखुशालीच्या आधी एकच प्रश्न असतो : "किती फूट?" कशाचे फूट, कुठले फूट, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. राजाराम बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीवर पंचगंगेचं पाणी ज्या आकड्याला टेकलं असेल तो आकडा, हे टपरीवर चहा देणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. सांगलीत हीच पट्टी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला आहे. तिथे इशारा ४० फुटांना, धोका ४५ फुटांना.

खरी गंमत आकडा ऐकल्यानंतर घडते. ऐकणारा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "म्हणजे सुतारवाड्यात आलं असणार." दुसरा म्हणतो, "आमच्या गल्लीला अजून दोन फूट आहेत." तिसऱ्याला शिरोलीजवळच्या हायवेची काळजी, कारण त्याचा ट्रक तिकडून यायचा आहे. आकडा एका बंधाऱ्यावरचा, पण प्रत्येकानं त्याचं आपल्या उंबऱ्याच्या भाषेत रूपांतर केलेलं असतं. नकाशाशास्त्राचा गंधही नसलेली माणसं डोक्यात एक पूरनकाशा घेऊन वावरत असतात, आणि तो बऱ्याचदा सरकारी कागदापेक्षा बारीक असतो. हा डोक्यातला नकाशा कागदावर कसा उतरतो, आणि तो पाहून रात्री दोन वाजता कुठल्या वस्तीनं कुठल्या शाळेत जायचं हे कसं ठरतं, याचं मला फार कुतूहल आहे.

सुरुवात पावसापासून करावी असं वाटेल, पण पाऊस इथे चकवा देतो. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला शिरोळ तालुक्यात पाचशेच्या आसपास. म्हणजे एका जिल्ह्यात कोकण आणि दुष्काळी पट्टा शेजारी शेजारी नांदतात. तरीही महापुरात शिरोळची गावंच्या गावं वेढली जातात. डोक्यावर रिमझिम आणि पायाखाली पुरुषभर पाणी! कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या घाटातला पाऊस गोळा करून प्रयाग चिखलीपाशी एकत्र येतात, तिथून पंचगंगा होते, आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. कृष्णा स्वतः कोयनेचं पाणी घेऊन आलेली असते. आकाशाकडे बघून पूर कळत नाही तो यामुळे. तो कळतो जमिनीकडे बघून.

आणि जमीन फार कंजूष आहे. पंचगंगा ३० फुटांना असते तेव्हा गावं निवांत असतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये ती साडेपंचावन्न फुटांपर्यंत चढली, २०२१च्या जुलैत ५६ फुटांच्या घरात. या दोन अवस्थांमधलं अंतर सुमारे २६ फूट, म्हणजे आठ मीटरसुद्धा नाही. निवांतपणा आणि हाहाकार यांच्यामध्ये दोन-तीन मजल्यांच्या इमारतीएवढी उंची. आता सर्वेक्षण खात्याचा पन्नास हजारास एक प्रमाणाचा नकाशा उघडा. त्यावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या ज्या तपकिरी रेषा असतात, त्या सर्वसाधारणपणे दर २० मीटरला काढलेल्या असतात. सबंध महापूर दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत मावतो! ज्या नकाशावर डोंगरांची प्रत्येक घडी दिसते, त्यावर लाखो लोकांना घराबाहेर काढणारा फरक उमटतच नाही.

मग उपग्रह? २०००च्या फेब्रुवारीत 'एंडेव्हर' हे अवकाशयान ६० मीटर लांबीचा दांडा बाहेर काढून ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं. एक रडार यानात, दुसरं दांड्याच्या टोकाला. आपले दोन डोळे जशी खोली ओळखतात, तशी त्या दोन डोळ्यांनी जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती माहिती आज कोणालाही फुकट मिळते, जमिनीच्या साधारण ३० मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक तुकड्याला एक आकडा. हे ऐकून हात जोडावेसे वाटतात. पण त्या आकड्यात काही मीटरांची चूक सहज असू शकते, आणि रडारला जमीन दिसतेच असं नाही. झाडाचा शेंडा, घराचं छप्पर, दाट पीक, जे आधी लागेल त्यावरून किरण परततो. फेब्रुवारीत आमच्याकडे निम्मा ऊस अजून रानात उभा असतो. तेव्हा अवकाशातून मोजलेल्या आमच्या काही शेतांच्या उंचीत उसाचाही वाटा असावा, असा माझा संशय आहे. जिथे एका फुटावर गल्लीचं नशीब ठरतं, तिथे मीटरची चूक घेऊन कसं चालेल?

म्हणून काम पुन्हा जमिनीवर येतं, आणि इथे एक सुंदर गोष्ट भेटते. गवंडी दोन भिंती समपातळीत आणायला एक पारदर्शक नळी वापरतो. नळीत पाणी भरायचं, एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला. दोन्हीकडे पाणी जिथे थांबतं ती पातळी एक. अशा पातळी काढण्याला आपल्याकडे पाणसळ हा शब्दच आहे. पुरापासून वाचायचं असेल तर उंची मोजायची, आणि उंची मोजायला पाण्यासारखं प्रामाणिक हत्यार नाही. दहा-वीस रुपये मीटरची नळी गल्लीतल्या प्रत्येक उंबऱ्याचा एकमेकांशी असलेला हिशोब बोटभर फरकानं सांगते.

मात्र हीच पाणसळ डोक्यात ठेवून नदीकडे पाहिलं, की फसगत होते. नळीतलं पाणी सपाट असतं कारण ते थांबलेलं असतं. नदीचं पाणी चाललेलं असतं, आणि चालायचं तर उतार हवा. पूर आलेल्या नदीचा पृष्ठभाग तळ्यासारखा आडवा नसतो. तो वरच्या गावाकडून खालच्या गावाकडे उतरत जातो. त्यामुळे "बंधाऱ्यावर अमुक मीटर पाणी आहे, मग तेवढ्या उंचीच्या खालची सगळी जमीन निळी रंगवा" असा नकाशा काढला, तर वरची गावं फुकट कोरडी दिसतात आणि खालची फुकट बुडतात. नकाशे करणाऱ्यांनी यावर एक साधी युक्ती काढली आहे. प्रत्येक जागेची उंची समुद्रसपाटीपासून धरायचीच नाही. त्या जागेचं पाणी वाहत वाहत ज्या ओढ्याला किंवा नदीला जिथे मिळतं, त्या ठिकाणच्या पात्रापासून धरायची. मग घाटातलं गाव असो की शिरोळातलं, "आपल्या नदीच्या वर किती?" हा एकच प्रश्न उरतो. समुद्राशी आपला तसाही काय संबंध?

ही युक्ती बरीच मजल मारते, पण नृसिंहवाडीला अडखळते. संगमावर कृष्णा भरून वाहत असली, की पंचगंगेला पुढे सरकायला जागा मिळत नाही. ती तुंबते, मागे फुगत येते. याला आमच्याकडे फुगवटा म्हणतात. फुगवटा असताना वरून येणारं पाणी तेवढंच असलं तरी पातळी जास्त चढते आणि उतरायला जास्त दिवस घेते. म्हणजे खालच्या गावांना राजाराम बंधाऱ्याचा आकडा एकटा पुरत नाही, कृष्णेचाही हवा. खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टीच्या धरणावरून जे वर्षानुवर्षं वाद चालतात ते याच फुगवट्याच्या लांबीबद्दल आहेत. त्यात इथे शिरत नाही, तो वेगळ्या लेखाचा आणि जाड कातडीचा विषय आहे.

पुराची आणखी एक खोड सांगण्याजोगी आहे. पाणी पात्रात असतं तोवर झरझर चढतं, कारण दोन काठांमधली जागा अरुंद. काठ ओलांडला, की ते मळ्यांत, उसात, किलोमीटर-किलोमीटर पसरतं. आता एक इंच चढायलाही प्रचंड पाणी लागतं. पट्टीवरचा आकडा रेंगाळतो. लोक म्हणतात, "आता इंचाइंचानं वाढतंय, जोर ओसरला." जोर ओसरलेला नसतो, तो पसरलेला असतो. तोच आकडा, तेच फूट, पण ३५चं ३६ होणं आणि ५०चं ५१ होणं यांत पाण्याच्या हिशोबानं जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या मते पूरपट्टीबद्दल शाळेत एकच गोष्ट शिकवायची झाली तर ही शिकवावी.

पूर आल्यावर तो किती पसरला हे बघायला मात्र उपग्रहाला तोड नाही. ढग असताना साधा कॅमेरा आंधळा होतो, आणि पूर तर ढगांतच येतो. म्हणून रडारवाला उपग्रह वापरतात. युरोपच्या 'सेंटिनेल-१' या उपग्रहांचे काही सेंटीमीटर लांबीचे किरण ढगांतून, पावसातून, रात्रीच्या अंधारातून खुशाल आरपार जातात. ते तिरके येतात. खडबडीत जमिनीवर पडले की चहूकडे विखुरतात आणि त्यातले थोडे परत उपग्रहाकडे येतात. शांत पाण्यावर पडले की आरशावरून घसरावेत तसे पलीकडे निघून जातात, परत काहीच येत नाही. त्यामुळे चित्रात पाणी काळंभोर दिसतं. जिथून उत्तर येत नाही तिथे पूर आहे, अशी ती मौनाची भाषा. फक्त दोन ठिकाणी ती फसते : उभ्या उसात भरलेलं पाणी तिला धड दिसत नाही, आणि शहरात भिंती-भिंतींवरून किरण उसळून परत येतात, तेव्हा पाण्यात बुडालेली गल्ली चकचकीत पांढरी दिसू शकते. नेमका ऊस आणि नेमकी शहरं. शिवाय उपग्रह आपल्या वेळापत्रकानं येतो, पुराच्या नाही. पाणी सर्वांत वर असतानाचा क्षण त्याला सापडेलच असं नाही.

आता सरकारी रेषांकडे. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा यावा अशा पुराची निळी, आणि १०० वर्षांतून एकदा यावा अशाची लाल. निळीच्या आत बांधकाम नको, निळी-लालच्या मध्ये अटी घालून. या 'शंभर वर्षांतून एकदा'नं फार घोटाळा केला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात बघू. अर्थ तसा नाही. दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या, शंभरातली एक पुराची. काढलेली चिठ्ठी पुढच्या वर्षी परत डब्यात. घरासाठी ३० वर्षांचं कर्ज काढलं, तर तेवढ्या काळात लाल रेषेवरच्या घराला एकदा तरी पूर गाठण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २६ टक्के. निळ्या रेषेवरच्या घराला तीच सुमारे ७१ टक्के. कर्ज देणारा कागदावर बऱ्याच गोष्टी तपासतो. हा आकडा मी तरी त्यात कुठे पाहिलेला नाही. आणि २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर सतरा वर्षांत आल्यावर डब्यात चिठ्ठ्या मुळात किती होत्या, याचाच हिशोब पुन्हा मांडावा लागतो.

बांधकाम परवान्यासाठी या रेषा हव्याच. पण मध्यरात्री माणसं हलवायला त्या उपयोगाच्या नाहीत, कारण त्या वेळ सांगत नाहीत. दोनच रेषा. माणसाला हवा असतो फुटाफुटाचा नकाशा : ४१ला काय, ४२ला काय, ४३ला काय. त्यावर पहिल्यांदा घरं रंगवावीशी वाटतात. तिथेच सगळे चुकतात असं मला वाटतं, कारण आधी रंगवायला हवेत ते रस्ते.

रस्त्याची उंची म्हणजे काय? पाच किलोमीटरचा रस्ता बहुतेक सगळा उंचावर असेल, पण मध्ये एका ओढ्यावरच्या मोरीपाशी तो खाली उतरून पुन्हा वर चढत असेल, तर पुराच्या दृष्टीनं सबंध रस्त्याची उंची त्या मोरीएवढीच. एक जागा बुडाली की उरलेला कोरडा रस्ता शोभेचा. समजा एका वस्तीतल्या घरांच्या उंबऱ्याला ४७ फुटांना पाणी लागतं, पण वस्तीची एकुलती वाट ४१ला बंद होते. वस्तीतला माणूस निर्धास्त असतो : आपल्याला अजून सहा फूट आहेत. प्रत्यक्षात त्याच्याकडे काहीच नसतं. पाणी ४१ ओलांडतं, वस्तीचं बेट होतं, मग ४७कडे जाणारा प्रत्येक इंच त्यानं छतावर बसून मोजायचा. हलवण्याची यादी घर कधी बुडतं यावर केली तर हा माणूस शेवटी येतो. वाट कधी बुडते यावर केली तर पहिला.

कोल्हापूर जिल्ह्यात या वाटांची एक खास अडचण आहे. इथले 'कोल्हापूर पद्धतीचे बंधारे' देशभर नावाजलेले. पावसाळ्यापूर्वी त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढून ठेवतात, दिवाळीच्या सुमारास पुन्हा घालून पाणी अडवतात. मूळ काम पाणी अडवण्याचं, पण वरून माणसं, दुचाक्या, ट्रॅक्टर जायला लागले आणि कितीतरी गावांना तो बंधारा म्हणजेच पूल झाला. नदी वाढली की सगळ्यांत आधी पाण्याखाली जातात ते हेच. पावसाळ्यात रोजच्या बातमीत "इतके बंधारे पाण्याखाली" असा आकडा असतो तो वाचताना परगावच्या माणसाला वाटतं शेतीची बातमी आहे. ती वाहतुकीची बातमी आहे. आणि वाटा संपल्यावर जे उरतं ते धोक्याचं असतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळजवळ पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि माणसं बुडाली. निघण्याची वेळ आणि वाट यांचा हिशोब किती जिवावरचा असतो, हे सांगायला ती एक घटना पुरे.

वाटांचं गणित करायला संगणकाकडे एक जुनी, सुरेख रीत आहे. १९५६ साली एडस्गर डाइक्स्ट्रा हा तरुण डच गणिती आपल्या वाग्दत्त वधूबरोबर ॲमस्टरडॅममध्ये खरेदीला गेला होता. दमून दोघं एका कॅफेत कॉफी प्यायला बसले. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा सर्वांत जवळचा मार्ग कसा शोधावा, हा प्रश्न त्यानं तिथे वीस मिनिटांत सोडवला, तोही कागद-पेन्सिलीशिवाय. आज तुमच्या मोबाइलमधला रस्ता दाखवणारा नकाशा त्याच घराण्यातला आहे. पुरासाठी त्यात एकच बदल करायचा : सर्वांत जवळची वाट न शोधता अशी वाट शोधायची, जिची सर्वांत सखल जागा जास्तीत जास्त उंच असेल. थोडा वळसा पडला तरी चालेल, मोरी नको. प्रत्येक वस्तीपासून प्रत्येक शाळेपर्यंत हे गणित केलं, की संगणक एक आकडा देतो : या वस्तीची वाट अमुक फुटाला तुटते. बरीच जमीन समुद्रपातळीच्या खाली असलेल्या देशातल्या माणसाची युक्ती पंचगंगेच्या काठी उपयोगी पडावी, हेही छानच.

मग उलटं मोजायचं. पाणी तासाला दोन इंच चढतंय असं धरा. वाट ४३ला तुटते. वस्ती हलवायला, म्हातारी माणसं, बाळंतीण, धान्याची पोती धरून, आठ तास लागतात. आठ तासांत पाणी सोळा इंच चढणार. म्हणजे पाणी ४१ फूट ८ इंचांवर असताना पहिला ट्रॅक्टर सुटला पाहिजे, तेव्हा रस्ता ठणठणीत कोरडा असेल आणि लोक म्हणतील, "एवढी कसली घाई?" या प्रश्नाला उत्तर म्हणून नकाशा हाताशी लागतो. तलाठी, पोलीस पाटील, सरपंच यांच्यापैकी कोणाचाही शब्द अशा वेळी अर्धवट पटतो, छापलेला आकडा थोडा जास्त.

आणि जायचं कुठे? कोल्हापुरात दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यातली कुटुंबं पाणी आलं की चित्रदुर्ग मठात जातात. जवळ, उंचावर, ओळखीचं. निवारा कसा असावा याचा हा सरळ नमुना. गावात मात्र बोट शाळेकडे जातं, आणि शाळेच्या खोल्या मोजून निवारा केंद्राची क्षमता लिहिली जाते. ती मोजणी फसवी असते. माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा हवी, असं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं मानक सांगतं. आडवं व्हायला आणि गाठोडं ठेवायला तेवढी लागतेच. वीस बाय पंचवीस फुटांचा वर्ग घ्या. ज्यात चाळीस-पन्नास मुलं बसून पाढे म्हणतात, त्यात झोपणारी माणसं मावतात तेरा. दहा खोल्यांची शाळा म्हणजे एकशे तीस माणसं. हजार वस्तीच्या गावाला अशा सात-आठ शाळा लागतील, आणि त्यातली एक तरी नदीकाठच्या सखल जागेत असते, कारण पूर्वी गावाला मोकळी पडीक जमीन तिथेच सापडली.

पाण्याचंही तसंच. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत कोल्हापूरला पाणी पुरवणारी नदीकाठची उपसा केंद्रंच बुडाली. चहूकडे पाणी आणि नळ कोरडे. शहर टँकरमागे धावत होतं. निवारा केंद्राच्या नकाशावर म्हणून खोल्यांबरोबर टाकीची क्षमता, विहीर, बोअर यांच्या खुणा हव्यात, आणि वीज गेल्यावर तो बोअर कशानं चालणार याचीही.

पण सगळ्या गणितावर पाणी फिरवते ती म्हैस. घरातली चार माणसं एका खेपेत निघतील. गोठ्यातली तीन जनावरं सोडून घरधनी निघत नाही, आणि शहरात बसून त्याला अडाणी म्हणणाऱ्यानं आधी एका दुभत्या म्हशीची किंमत विचारावी. जनावरं चालत जातात, हळू जातात, बिथरतात, पाण्यातून रस्ता काढायला तयार होत नाहीत. म्हणजे त्यांची वाट माणसांच्या वाटेपेक्षा आधी बंद होते. त्यांना छप्पर, दावणीला जागा, वैरण, पाणी हे सगळं लागतं. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही संगमाजवळची गावं पुराच्या तोंडावर जनावरं घेऊन सोनतळीकडे निघतात. तिथे त्यांच्या पुनर्वसनाची जागा आहे. मूळ गाव नदीपाशी, दुसरं घर माळावर. दोन गावांचा संसार करण्यामागे काय काय अडलं आहे तो वेगळा इतिहास. निवाऱ्याच्या नकाशात गोठा नसेल, तर मात्र तो नकाशा लोक पाळणार नाहीत, एवढं चिखलीकडे पाहून कळतं.

टप्प्याटप्प्यानं वर सरकण्याची सर्वांत जुनी शिस्त मला नृसिंहवाडीत दिसते. तिथे दत्तमंदिर अगदी पाण्याच्या काठाशी. पूर चढला की पाणी एका दारानं आत येतं, पादुकांवरून वाहत दुसऱ्या दारानं बाहेर पडतं. भाविक त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला गर्दी करतात. पादुका जागेवर राहतात, पण उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. पाणी कुठवर आलं की काय करायचं हे तिथे कोणाला तातडीची बैठक घेऊन ठरवावं लागत नाही.

शेवटी एक काम तुमच्याकडे. आठवणी विरतात, भिंतीवरच्या गाळाच्या रेषा रंगाखाली जातात, पण २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा होता. उंबऱ्याला, पायरीला, चौकातल्या पुतळ्याच्या कठड्याला टेकलेलं पाणी हजारो लोकांनी टिपलं. मूळ फोटोत तो काढल्याची तारीख आणि मिनिटापर्यंतची वेळ दडलेली असते. त्याच तासाला राजाराम बंधाऱ्यावर किंवा आयर्विन पुलाला किती फूट होते, हे पूरनियंत्रण कक्षाच्या नोंदीत आहे. दोन्ही जोडली की तुमच्या उंबऱ्याचा फूट मिळतो. नदीचा उतार, फुगवटा, ओढ्याचं वळण हे सगळं त्या आकड्यात आपोआप आलेलं असतं. ना अवकाशयान लागतं ना महागडी यंत्रं. फुगवट्याच्या फरकानं अर्धा-पाऊण फूट इकडे तिकडे होईल, तेवढा सावधगिरीच्या बाजूला धरा. उंबऱ्याचा फोटो नसेल तर शेजाऱ्याचा घ्या आणि गवंड्याच्या नळीनं पातळी आपल्या दारापर्यंत आणा. मात्र फोटो गॅलरीतला मूळ हवा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीतली वेळ गळून गेलेली असते. मोबाइल बदलण्याआधी, मे महिन्यात, गॅलरीतला तो ऑगस्ट आणि तो जुलै उघडा. उंबऱ्याचा फूट निघाला की वाटेतल्या मोरीचाही काढा, आणि दोन्ही आकडे ऑइलपेंटनं दाराच्या चौकटीवर लिहून ठेवा. मोरीचा वर, उंबऱ्याचा खाली.